प्रशांतचंद्र महालनोबिस

प्रशांतचंद्र महालनोबिस (२९ जून, इ.स. १८९३, कलकत्ता - २८ जून, इ.स. १९७२; कलकत्ता) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. दोन समूहांमधील किंवा एखादी व्यक्ती आणि समूह यांमधील अंतर अनेक मोजमापांच्या आधारे ठरवण्याची त्यांची रीत ‘महालनोबिस अंतर’ या नावाने जगभर ओळखली जाते. त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली आणि मोठ्या प्रमाणावरील नमुना पाहणीचे शास्त्र भारतात रुजवले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांनीच तयार केला. त्यांचे औपचारिक शिक्षण पदार्थविज्ञानाचे होते. संख्याशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, आणि त्या काळी भारतात ती कोठे मिळतही नव्हती.

घराणे आणि बालपण

महालनोबिस घराणे मूळचे पूर्व बंगालमधील विक्रमपूरचे. हा भाग आता बांगलादेशात आहे. प्रशांतचंद्रांचे आजोबा गुरुचरण इ.स. १८५४ मध्ये कलकत्त्यास आले आणि देवेंद्रनाथ टागोरांच्या प्रभावामुळे ब्राह्मो समाजात दाखल झाले. इ.स. १८६४ मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला. समाजाचा रोष पत्करून केलेल्या या विवाहाने पुढील पिढ्यांना एक वळण लावून दिले. प्रशांतचंद्रांचे वडील प्रबोधचंद्र. आई नीरदबासिनी ही प्रख्यात डॉक्टर नीलरतन सरकार यांची बहीण. काका सुबोधचंद्र यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा केला. घरात विद्वानांचा आणि सुधारकांचा सतत राबता असे, आणि टागोर घराण्याशी जुना घरोबा होता.

ब्राह्मो बॉइज स्कूल ही शाळा गुरुचरणांनीच स्थापन केली होती. तेथून इ.स. १९०८ मध्ये मॅट्रिक होऊन प्रशांतचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. मेघनाद साहा हे त्यांच्या मागच्या वर्गात होते. इ.स. १९१२ मध्ये पदार्थविज्ञान विषय घेऊन ते बी.एस्सी. झाले आणि पुढील वर्षी इंग्लंडला गेले.

केंब्रिज

केंब्रिजमधील प्रवेश हा योगायोगाचा भाग होता. ते लंडनमध्ये शिकण्याच्या इराद्याने गेले होते. केंब्रिज पाहण्यास गेले असता किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहण्यात वेळ गेला, परतीची गाडी चुकली आणि मित्राकडे मुक्काम करावा लागला. मित्राच्या आग्रहावरून त्यांनी त्याच कॉलेजात अर्ज केला आणि तो मान्य झाला. इ.स. १९१४ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसचा पहिला भाग आणि इ.स. १९१५ मध्ये पदार्थविज्ञानाचा दुसरा भाग त्यांनी पूर्ण केला. दुसऱ्या भागात त्यांना पहिला वर्ग मिळाला.

श्रीनिवास रामानुजन त्या वेळी केंब्रिजला होते आणि दोघांचा चांगला स्नेह जमला. रामानुजन रात्री थंडीने कुडकुडतात हे कळल्यावर महालनोबिस त्यांच्या खोलीत गेले. पाहतात तो ब्लँकेटे गादीखाली नीट खोचलेली होती. ती उलगडून आत झोपायचे असते हे रामानुजनना कोणी सांगितलेच नव्हते. ही आठवण महालनोबिस यांनीच पुढे नोंदवून ठेवली असून रामानुजनांच्या बहुतेक चरित्रांत ती आढळते.

कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत सी.टी.आर. विल्सन यांच्याकडे संशोधन करण्याचे ठरले होते. मध्ये थोडे दिवस मायदेशी जाऊन यावे, एवढाच बेत होता. महायुद्धामुळे जहाज सुटण्यास उशीर झाला आणि महालनोबिस कॉलेजच्या ग्रंथालयात वेळ घालवू लागले. तेथे त्यांचे शिक्षक मॅकॉले यांनी त्यांचे लक्ष ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाच्या अंकांकडे वेधले. कार्ल पिअर्सन यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या या नियतकालिकात जीवशास्त्रातील मोजमापांवर संख्याशास्त्रीय लेख येत असत. महालनोबिस यांनी त्याचा संपूर्ण संच विकत घेतला आणि बोटीवर वाचायला सुरुवात केली. संशोधनासाठी केंब्रिजला परत जाण्याचा बेत मात्र कायमचा मागे पडला. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याचे काम मिळाले आणि तेथे ते तीन दशके राहिले. इ.स. १९४५ ते १९४८ या काळात ते तेथील प्राचार्य होते.

विवाह आणि विश्वभारती

२७ फेब्रुवारी, इ.स. १९२३ रोजी त्यांचा निर्मलकुमारी (राणी) यांच्याशी विवाह झाला. निर्मलकुमारींचे वडील हेरंबचंद्र मैत्र हे ब्राह्मो समाजातील वजनदार गृहस्थ होते. समाजाच्या विद्यार्थी शाखेच्या नियमांतील काही कलमांना महालनोबिस यांनी विरोध केला होता, म्हणून हा विवाह त्यांना पसंत नव्हता. त्यांच्या गैरहजेरीत नीलरतन सरकार यांनी वधूपित्याची जागा घेतली. रवींद्रनाथ टागोर लग्नाला उपस्थित होते. महालनोबिस त्या वेळी विश्वभारतीचे सहसचिव होते आणि ती जबाबदारी त्यांनी इ.स. १९२१ ते १९३१ अशी दहा वर्षे सांभाळली. इ.स. १९२६ च्या युरोप दौऱ्यात हे दांपत्य टागोरांबरोबर होते. या दांपत्याला अपत्य नव्हते.

मोजमापांकडून अंतराकडे

ब्रजेंद्रनाथ सील यांच्या सांगण्यावरून त्यांनी इ.स. १९१७ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांच्या गुणांचे विश्लेषण केले होते. खरी सुरुवात मात्र इ.स. १९२० च्या नागपूर येथील भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात झाली. तेथे त्यांची भेट भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन ॲनन्डेल यांच्याशी झाली. ॲनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मोजमापे घेऊन ठेवली होती, पण त्यांतून निष्कर्ष कसा काढावा हा प्रश्न होता. महालनोबिस यांनी ते काम अंगावर घेतले. या मोजमापांतील पुरुषांच्या उंचीवरचा त्यांचा लेख इ.स. १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्याशास्त्रातील हे त्यांचे पहिले प्रकाशित संशोधन होय.

येथे तत्कालीन मानवमितीची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. हर्बर्ट रिस्ले यांनी इ.स. १८९१ मध्ये बंगालच्या जाती-जमातींची मोजमापे प्रसिद्ध केली होती. नाकाच्या ठेवणीचा निर्देशांक आणि जातीचे सामाजिक स्थान यांची सांगड घालण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. एकाच मापावरून माणसांची प्रतवारी लावण्याचा हा प्रकार शास्त्राच्या नावाखाली खपून जात असे. महालनोबिस यांनी आरंभ याच सामग्रीपासून केला, पण प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. एखाद्या जातीचे दुसऱ्या जातीशी असलेले साम्य एका मापावर न ठरवता सर्व मापांचा एकत्रित विचार करून ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. इ.स. १९२५ मध्ये बनारसच्या अधिवेशनात मानववंशशास्त्र विभागाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी बंगालमधील वंशमिश्रणावर भाषण केले आणि इ.स. १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बंगाली ब्राह्मणांचे साम्य अन्य प्रांतांतील ब्राह्मणांपेक्षा बंगालमधीलच इतर जातींशी अधिक आहे, असे त्या विश्लेषणातून दिसत होते. वंशशुद्धीच्या कल्पनांना यातून बसलेला धक्का लहान नव्हता. पुढे इ.स. १९३३ मध्ये त्यांनी रिस्ले यांची मूळ आकडेवारीही तपासून दुरुस्त केली.

पिअर्सन यांच्याशी मतभेद

समूहांमधील फरक मोजण्यासाठी त्या काळी पिअर्सन यांचा ‘वंशसाम्य गुणांक’ वापरला जात असे. महालनोबिस इ.स. १९२६-२७ मध्ये काही महिने लंडनला पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत होते. ज्यांचे नियतकालिक वाचून आपण या विषयाकडे वळलो, त्यांच्याच गुणांकात मूलभूत दोष आहे, असे त्यांना आढळले. हा गुणांक नमुन्याच्या आकाराबरोबर बदलत असे. म्हणजे तेच दोन समूह घेऊन प्रत्येकी ५० ऐवजी ५०० माणसे मोजली की फरक वाढल्यासारखा दिसे, वस्तुतः फरक तेवढाच असे. दोन समूह वेगळे आहेत याचा पुरावा किती सबळ आहे आणि ते एकमेकांपासून किती दूर आहेत, हे दोन प्रश्न निराळे असून पिअर्सन यांनी ते एकत्र केले होते. पिअर्सन यांना ही टीका मान्य झाली नाही. महालनोबिस यांनी इ.स. १९३० मध्ये समूहांतील भेदाच्या मापांवर स्वतंत्र लेख लिहिला आणि इ.स. १९३६ मध्ये ‘व्यापक अंतर’ ही संकल्पना पूर्ण स्वरूपात मांडली.

महालनोबिस अंतराचे स्वरूप

साध्या अंतरात प्रत्येक मापातील फरकाचा वर्ग करून बेरीज घेतात. त्यात दोन अडचणी येतात. उंची सेंटीमीटरमध्ये आणि वजन किलोग्रॅममध्ये असेल तर बेरजेला अर्थ राहत नाही. ही अडचण प्रत्येक फरकाला त्या मापाच्या प्रमाण विचलनाने भागून दूर करता येते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. उंच माणसाचे हातही लांब असतात, म्हणून उंची आणि हाताची लांबी ही दोन मापे एकमेकांपासून स्वतंत्र नव्हेत, आणि दोन्ही पूर्णपणे मोजल्यास एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखी होते.

समजा, या दोन मापांतील सहसंबंध ०.८ आहे. एक व्यक्ती सरासरीपेक्षा दोन्ही मापांत एकेक प्रमाण विचलन वर आहे. दुसरी उंचीत एक विचलन वर, पण हाताच्या लांबीत एक विचलन खाली आहे. साध्या अंतराने दोघीही सरासरीपासून सारख्याच म्हणजे सुमारे १.४१ इतक्या दूर ठरतात. महालनोबिस अंतराने पहिलीचे अंतर सुमारे १.०५ येते आणि दुसरीचे ३.१६. उंच आणि लांब हातांची व्यक्ती नेहमीच आढळते, उंच पण आखूड हातांची क्वचितच. नेमकी हीच गोष्ट हे माप पकडते. गणिताच्या भाषेत, फरकांच्या सदिशाला सहप्रचरण सारणीच्या व्यस्ताने तोलून हे अंतर काढले जाते.

त्याच वर्षी, म्हणजे इ.स. १९३६ मध्ये, इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी आयरिस जातीच्या फुलांच्या मोजमापांवरून वर्गीकरण करण्यासाठी ‘विवेचक फलन’ मांडले. दोघे वेगळ्या प्रश्नांवरून निघाले होते. एकाला समूहांमधील अंतर हवे होते, तर दुसऱ्याला नवीन नमुना कोणत्या गटात टाकावा याचा नियम. पण दोन गटांच्या बाबतीत या दोन्ही रीती एकाच गणिताच्या दोन बाजू आहेत, हे लवकरच स्पष्ट झाले. या अंतराच्या नमुना-वितरणाचे अवघड गणित कलकत्त्यातील राजचंद्र बोस आणि समरेंद्रनाथ रॉय यांनी सोडवले.

अंतरावरून वर्गीकरणातील चुकीचे प्रमाणही कळते. दोन्ही गटांचे वितरण प्रसामान्य व विस्तार सारखा असेल आणि दोन्ही गट सारखेच आढळत असतील, तर अंतर १ असताना जवळच्या गटात टाकण्याच्या नियमाने १०० पैकी सुमारे ३१ जण चुकीच्या गटात जातात. अंतर २ असल्यास सुमारे १६ आणि ३ असल्यास सुमारे ७. येथे आणखी एक प्रश्न निर्माण होतो. एक गट दुसऱ्याच्या नऊपट मोठा असेल तर काय करावे? अंतर २ असताना लहान गटाच्या अगदी सरासरीवर असलेली व्यक्ती घेतली, तर तिची मापे लहान गटाच्या बाजूने सुमारे ७.४ पट साक्ष देतात, पण मोठ्या गटाची पूर्वसंभाव्यता नऊपट असल्याने तिला मोठ्या गटातच टाकणे योग्य ठरते. वैद्यकीय निदानात आजही नेमकी येथेच गफलत होताना दिसते. अनेक गट आणि त्यांच्या पूर्वसंभाव्यता यांचा एकत्र विचार करणारी पद्धती महालनोबिस यांचे शिष्य सी.आर. राव यांनी इ.स. १९४८ मध्ये मांडली. आफ्रिकेतील जेबेल मोया येथील प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासासाठी महालनोबिस यांनी राव यांना केंब्रिजला पाठवले होते. तेथे हेच अंतर वापरले गेले.

संस्थेची उभारणी

प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका खोलीत त्यांनी संख्याशास्त्राची प्रयोगशाळा चालवली होती. १७ डिसेंबर, इ.स. १९३१ रोजी झालेल्या सभेत भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन करण्याचे ठरले आणि २८ एप्रिल, इ.स. १९३२ रोजी तिची नोंदणी झाली. पहिल्या वर्षाचा खर्च अवघा २३८ रुपये होता. इ.स. १९३३ मध्ये ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू झाले. पुढे संस्था बरानगर येथे हलवण्यात आली. तेथील महालनोबिस यांच्या निवासस्थानाचे नाव ‘आम्रपाली’. इ.स. १९५६ मध्ये ‘एचईसी-२एम’ हा भारतातील पहिला अंकीय संगणक याच संस्थेत सुरू झाला. इ.स. १९५९ मध्ये संसदेने कायदा करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. नॉर्बर्ट वीनर आणि आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारखे गणिती येथे येऊन गेले. जीवशास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन इ.स. १९५७ मध्ये संस्थेत दाखल झाले, पण मतभेद होऊन इ.स. १९६१ मध्ये त्यांनी ती सोडली. संस्थेचा कारभार महालनोबिस यांच्या एकट्याच्या हाती एकवटलेला होता आणि त्याची किंमत संस्थेने वेळोवेळी मोजली, हे नाकारता येत नाही.

पूर, ताग आणि नमुना पाहणी

इ.स. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. पाणी अडवून धरणारी खोरी बांधावीत, असे सुचवण्यात आले होते. पावसाच्या आणि पुरांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून महालनोबिस यांनी दाखवले की, या खोऱ्यांचा उपयोग होणार नाही, पाण्याचा निचरा जलद होणे आवश्यक आहे. इ.स. १९२६ मध्ये ओरिसातील ब्राह्मणी नदीला पूर आला तेव्हा नदीचे पात्र वर आले असून बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत होते. सुमारे ६० वर्षांच्या नोंदींवरून पात्र वर आल्याचा पुरावा मिळत नाही, असे महालनोबिस यांनी दाखवून दिले आणि नदीच्या वरच्या भागात धरणे बांधण्याची शिफारस केली.

इ.स. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या लागवडीची नमुना पाहणी सुरू केली. प्रत्येक शेत मोजण्याऐवजी यादृच्छिक पद्धतीने निवडलेली थोडी शेते मोजायची, आधी लहान प्रमाणावर चाचणी घ्यायची आणि खर्च व अचूकता यांचा मेळ घालूनच नमुन्याचा आकार ठरवायचा, असा हा क्रम होता. एकाच भागात दोन स्वतंत्र उपनमुने घेऊन ते वेगवेगळ्या तुकड्यांकडून मोजून घेणे, ही त्यांची खास कल्पना. दोन तुकड्यांच्या आकड्यांत तफावत पडली की मोजणाऱ्यांची चूक आपोआप उघडी पडे. इ.स. १९४३ च्या दुष्काळानंतर बंगालमधील खेड्यांची काय वाताहत झाली, याचीही त्यांनी नमुना पाहणी केली. आपल्या पद्धतीचे विवेचन त्यांनी इ.स. १९४४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केले आणि पुढील वर्षी ते सोसायटीचे सभासद झाले.

पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतातील किती तुकडा कापून मोजावा, यावरून त्यांचा पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याशी वाद झाला. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुधचे. ते त्या वेळी कृषी संशोधन परिषदेत काम करीत होते. महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकडे घेत, त्यामुळे कमी खर्चात जास्त ठिकाणे पाहता येत. लहान तुकड्याच्या कडेवरील रोपे मोजणाऱ्याच्या हातून आत घेतली जातात आणि उतारा फुगतो, असे सुखात्मे यांनी इ.स. १९४६ मध्ये ‘नेचर’मधील लेखात दाखवले. अतिलहान तुकड्यांबाबत हा आक्षेप खरा होता. मोठ्या तुकड्यांचा खर्च आणि वेळ याविषयीची महालनोबिस यांची चिंताही रास्त होती. या वादाने दोन्ही बाजूंचे काम अधिक काटेकोर झाले.

सरकारी जबाबदाऱ्या आणि नियोजन

इ.स. १९४९ मध्ये ते केंद्रीय मंत्रिमंडळाचे मानद संख्याशास्त्रीय सल्लागार झाले. त्याच वर्षी नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही.के.आर.व्ही. राव हे समितीचे अन्य दोन सदस्य होते. देशातील कुटुंबांच्या खर्चाविषयी विश्वसनीय माहितीच नाही, हे या कामात जाणवले. इ.स. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीस सुरुवात झाली. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना पाहणीविषयक उपआयोगाचेही ते अध्यक्ष होते.

मार्च १९५५ मध्ये त्यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा प्राथमिक आराखडा सादर केला. यंत्रे बनवणाऱ्या अवजड उद्योगांत आज अधिक गुंतवणूक केल्यास दीर्घ मुदतीत वाढीचा वेग जास्त राहील, असे त्यांच्या प्रतिमानाचे सूत्र होते. उपभोग्य वस्तूंची गरज लघु व गृहोद्योगांनी भागवावी, अशी त्यांची अपेक्षा होती. बी.आर. शेणॉय यांनी तुटीच्या अर्थभरण्यावर बोट ठेवून भिन्नमतपत्रिका जोडली. मुंबई विद्यापीठाचे सी.एन. वकील आणि पी.आर. ब्रह्मानंद यांनी इ.स. १९५६ मध्ये आधी अन्नधान्यासारख्या वेतनवस्तूंचा पुरवठा वाढवावा, असा पर्यायी विचार मांडला. परकीय व्यापाराला या प्रतिमानात जवळजवळ स्थान नव्हते, आणि इ.स. १९५७ मध्ये परकीय चलनाची टंचाई ओढवली तेव्हा ही उणीव ठळकपणे समोर आली. मोजमापाच्या प्रांतात प्रत्येक आकड्याची दोनदा पडताळणी करणाऱ्या या माणसाने नियोजनाची गृहीतके मात्र त्याच कसोटीवर घासली नाहीत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. योजनेचा लाभ कोणाला मिळाला हे शोधण्यासाठी इ.स. १९६० मध्ये सरकारने उत्पन्नाच्या वाटपाविषयी समिती नेमली, तिचे अध्यक्षही महालनोबिसच होते. श्रीमंत व गरीब कुटुंबांच्या खर्चाची तुलना करण्यासाठी त्यांनी याच सुमारास अंशक आलेख पद्धती विकसित केली.

सन्मान आणि मृत्यू

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे वेल्डन पदक (इ.स. १९४४), रॉयल सोसायटीचे सभासदत्व (इ.स. १९४५) आणि पद्मविभूषण (इ.स. १९६८) हे त्यांना मिळालेल्या सन्मानांपैकी काही होत. अखेरपर्यंत ते संस्थेच्या कामात गुंतलेले होते. वयाची ७९ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना २८ जून, इ.स. १९७२ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. निर्मलकुमारी त्यांच्यामागे नऊ वर्षांनी, इ.स. १९८१ मध्ये वारल्या. इ.स. २००७ पासून महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, भारत सरकारतर्फे सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.